लाखाचा सीडी प्लेअर घेण्याआधी त्याची लेन्स मिळते का ते विचारा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांमागे घरातल्या म्युझिक सिस्टीमवर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटोही झकास, पण त्यात एक वाक्य असं होतं की शास्त्रीय संगीत खरंच ऐकायचं असेल तर लाखाच्या खालच्या सीडी प्लेअरकडे बघूच नका. ते वाचून मी चहा बाजूला ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो, कारण नेमकं हेच वाक्य सात वर्षांपूर्वी मला एका दुकानदाराने ऐकवलं होतं आणि मी ते ऐकलं. रिटायर होऊन चार महिने झाले होते, फंडाचे पैसे बँकेत आलेले, बायको म्हणाली एवढी वर्षं ओव्हरटाइम केला, एक हौस करा. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं हो, पावती अजून कपाटात आहे, एक लाख दहा हजार, आणि तेही सेकंडहँड.

आधी माझी ओळख सांगतो म्हणजे पुढचं समजेल. मी मिरजेत राहतो, टेलिफोन खात्यात टेक्निशियन होतो, त्यामुळे मल्टीमीटर आणि सोल्डरिंग गन घरात कायमची. सीडी साधारण साडेचारशे आहेत, बहुतेक गायन-वादन, थोडं नाट्यसंगीत. मुंबईला कामाला गेलो की काळा घोड्याला रिदम हाऊसमध्ये चक्कर ठरलेली, ते दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. मुलगा म्हणतो बाबा सगळं मोबाईलवर आहे. असेल. पण माझ्याकडच्या कितीतरी मैफिली मोबाईलवर नाहीत, आणि ज्या आहेत त्यात विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे जाहिरात येते.

तर माझ्याकडे आता तीन मशीन आहेत. एक २००३ साली लॅमिंग्टन रोडवर साडेसात हजाराला घेतलेला साधा सीडी प्लेअर. दुसरा तो एक लाख दहा हजाराचा, सतरा किलो वजन, पुढची पट्टी बोटभर जाड अल्युमिनियमची, परदेशी कंपनीचा, नाव लिहीत नाही. तिसरा नातवाचा डीव्हीडी प्लेअर, तीन हजारवाला, कार्टूनसाठी आणलेला, त्यात ऑडिओ सीडीपण चालते.

मोठा प्लेअर घरी आला त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. अगदी खरं सांगतो, फरक जाणवला, आवाज भरदार, तानपुरा मागे पसरलेला, तबल्याची शाई ऐकू येतेय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मित्रांना फोन केले. महिनाभराने सहज म्हणून दोन्ही प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांवर मल्टीमीटर लावला. कॉम्प्युटरवर ४०० हर्ट्झचा एक सलग सूर तयार करून सीडीवर कॉपी केला होता, तोच दोन्हीकडे लावला. जुना १.९८ व्होल्ट देत होता, नवा २.४१. म्हणजे आवाजात जवळजवळ पावणेदोन डेसिबलचा फरक. सीडी प्लेअरने फुल आवाजाला २ व्होल्टच्या आसपास द्यायचे ही सर्वसाधारण रीत, पण कंपन्या थोडं वर ठेवतात, आणि वर ठेवण्याचा फायदा दुकानात होतो. आपल्या कानाची गंमत अशी की थोडासा मोठा आवाज त्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. खुला वाटतो, जिवंत वाटतो, वगैरे वगैरे, सगळे शब्द मी स्वतः वापरलेत. दुकानदाराने आधी स्वस्तातला लावला मग महागातला लावला आणि व्हॉल्यूमला हात लावला नाही, एवढ्यावर माझे लाख गेले.

मग खाज सुटली. एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात सिलेक्टर स्विच आणि एक पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण, बसवला, मोठ्या प्लेअरचा आवाज पॉटने उतरवून जुन्याच्या बरोबरीला आणला, मीटर लावून, अंदाजाने नाही. एका सीडीची कॉपी मारली म्हणजे दोन्हीकडे तेच वाजेल. पुढे चादर टांगली, नातू चादरीमागे, तो रुपया उडवणार आणि छापा-काटा बघून स्विच फिरवणार. आणि ऐकायला बोलावलं आमच्या गल्लीतल्या चाचांना.

चाचांबद्दल सांगायला पाहिजे. मिरजेचे सतार-तंबोरे तुम्हाला माहीत आहेतच, २०२४ ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनपण मिळालं. चाचा त्याच धंद्यातले, पंच्याहत्तरीचे, आता करवतीचं काम पोरं करतात, चाचा फक्त जवारी लावतात. म्हणजे घोडीवरून तार जिथे सुटते तो भाग कानस-पॉलिश पेपरने इतका बारीक घासायचा की तारेतून गुंजन सुटलं पाहिजे, मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढेमागे सरकवायचा. केसभर म्हणजे खरोखर केसभर. हा माणूस दिवसभर फक्त तेवढंच ऐकतो. मला वाटलं फरक असेल तर याला कळलाच पाहिजे.

आधी मुद्दाम पॉट न लावता, म्हणजे मोठा प्लेअर थोडा वरच्या आवाजात तसाच ठेवून ऐकवलं. चाचांनी बारापैकी दहा वेळा मोठा ओळखला. मीपण दहा, जावईपण दहा. जावई तर म्हणाला हे काय, आंधळ्यालाही कळेल. मग आवाज सारखा केला आणि पुन्हा बारा वेळा. चाचा सात, मी पाच, जावई सहा. रुपया उडवून जेवढं येतं तेवढंच. चाचा आठव्या वेळेला वैतागले, म्हणाले, “अवो साहेब, बदलताय का नुसतंच टकटक करताय? मला तर लई येळ एकच वाजतंय.” नातू आतून ओरडला, आजोबा मी बदलतोय!

आता यावर कोणी म्हणेल तुमचा अँप्लिफायर साधा, स्पीकर साधे, त्यात फरक कसा दिसणार. बरोबर आहे, असेलही. पण मग त्याचाच अर्थ असा होतो ना की आधी स्पीकर बघा. प्लेअरला लाख घालून स्पीकर पंधरा हजाराचे ठेवणारा मी एकटा नाहीये, असे चार जण मला मिरज-सांगलीतच माहीत आहेत.

यामागे कारण आहे असं मला वाटतं. आमची पिढी कॅसेट आणि रेकॉर्डवर वाढली. तिथे महाग मशीन खरंच चांगलं वाजायचं, कारण तिथे मोटर डुगडुगली की सूर डुगडुगायचा, बेल्ट ढिला झाला की सगळा यमन अर्धा स्वर खाली, हेडला तेलकट झालं की वरचे आवाज गायब. यंत्राचा प्रत्येक दोष थेट कानात यायचा, म्हणून जड मोटर, जड चक्का, जड किंमत. सीडीत तसं नाही. सीडीवर आकडे असतात, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेले, प्रत्येक आकडा १६ बिटचा, डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा. डिस्क आतल्या कडेला मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि बाहेर येता येता २०० वर येते, फिरण्यात थोडं मागेपुढे झालं तरी चालतं, कारण वाचलेले आकडे आधी एका छोट्या मेमरीत जमा होतात आणि तिथून क्रिस्टलच्या (क्वार्ट्झ घड्याळात असतो तसल्या) ठोक्याला एकेक बाहेर पडतात. मोटरचं डुगडुगणं तिथेच संपलं. तीन हजाराच्या खोक्यातला क्रिस्टलही आपल्या कानाला पकडता येणार नाही इतका नेटका चालतो.

ओरखड्यांचंही तेच. आकडे डिस्कवर ओळीने लिहिलेले नसतात, विखरून लिहिलेले असतात आणि सोबत तपासणीचे जास्तीचे आकडे असतात, त्यामुळे ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा खराब झाला तरी प्लेअर हिशेब करून मूळ आकडे जसेच्या तसे परत काढतो. अंदाजपंचे नाही, जसेच्या तसे. त्यापुढे गेलं की मग अंदाज, आणि त्याहीपुढे गेलं की टकटक. (जाता जाता, सीडी पुसताना गोल गोल पुसू नका हो, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि तोच जास्त नडतो. आमच्या घरात हे मी वीस वर्षं सांगतोय.)

जुन्या काळी प्लेअरांमध्ये फरक होता हे मान्य. सोनीचा पहिला सीडीपी-१०१ जपानात १ ऑक्टोबर १९८२ ला आला तेव्हा १,६८,००० येनला होता, म्हणजे बजेट नावाचा प्रकारच नव्हता. फिलिप्सकडे तेव्हा आकड्यांचा आवाज करणारी चिप १४ बिटचीच होती, त्यांनी चौपट वेगाने आकडे पाठवून १६ बिटची बरोबरी साधली, दोघांचे फिल्टर वेगळे, तेव्हा ऐकणाऱ्याला काही कळत असेल तर नवल नाही. पण त्यानंतर चिप स्वस्त होत गेल्या आणि किंमतीची पाटी तशीच राहिली. सोनीचं पहिलं प्लेस्टेशन आठवतं का, मुलांचा गेम? त्याचं सुरुवातीचं मॉडेल, मागे लाल-पांढऱ्या पिना असलेलं, ते परदेशात हायफायवाले लोक जुन्या बाजारातून शोधून शोधून सीडी ऐकायला घ्यायचे. आणि उलटं उदाहरण पाहिजे तर अमेरिकेतलं घ्या, लेक्सिकॉन कंपनीचा बीडी-३० नावाचा डिस्क प्लेअर, किंमत ३,५०० डॉलर. २०१० साली लोकांनी उघडून पाहिला तर आत ओप्पो कंपनीचा बीडीपी-८३ अख्खाच्या अख्खा, त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यासकट, वरून फक्त नवं जाड कव्हर. ओप्पो मिळत होता ४९९ डॉलरला. मोठं घर पोकळ वासा म्हणतात, इथे वासासुद्धा शेजाऱ्याचा.

पण मग सगळ्यात स्वस्त घ्या असं मी म्हणतोय का? नाही. तिथेच चाचांनी मला पकडलं. छापा-काटा झाल्यावर गंमत म्हणून तो नातवाचा डीव्हीडी प्लेअर लावला. पहिली दहा मिनिटं चाचा मान हलवत होते, मग एकदम हात वर केला. “थांबा. तानपुरा तुटला.” मला काहीच कळलं नव्हतं. परत मागे नेलं. खरंच, पहिला ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना अर्ध्या सेकंदाची शांतता. मैफिलीचं रेकॉर्डिंग सलग असतं, कंपनीने आपल्या सोयीसाठी विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा असे भाग पाडलेले असतात, मधे गाणं थांबलेलं नसतं. चांगला सीडी प्लेअर तिथून न थबकता जातो. स्वस्त डीव्हीडी प्लेअर दर ट्रॅकला थांबून श्वास घेतो. सिनेमाच्या गाण्यांना काही फरक पडत नाही, तीन मिनिटांचं गाणं संपतंच. पण षड्ज भरून ठेवलेला आणि मधेच भोक! चाचा म्हणाले हे मशीन आमच्या कामाचं न्हाई, आणि विषय संपला. मी हे कुठल्या लेखात वाचलं नव्हतं, तुमच्याही नाही. दुकानात जाताना सलग मैफिलीची एक सीडी घेऊन जा आणि ट्रॅक बदलतो ती जागा ऐका, एवढ्या एका टेस्टमध्ये निम्मी खोकी बाद होतात. डीव्हीडी प्लेअरला अजून एक त्रास, ट्रॅक नंबर बघायचा तर टीव्ही लावा. रात्री साडेदहाला मालकंस ऐकायला टीव्ही लावायचा!

आता मोठ्या प्लेअरचं पुढे काय झालं ते ऐका, खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहितोय. चौदा महिने झाले आणि एका सकाळी डिस्क टाकली तर ‘नो डिस्क’. दुसरी टाकली, नो डिस्क. लेन्स पुसली, नो डिस्क. लेन्स गेली होती. लेन्स म्हणजे आपण दुकानात म्हणतो ती, खरं तर लेझर आणि वरचं भिंग मिळून अख्खा हेड, तो झिजणारच, हजारो तास चालल्यावर बल्ब जातो तसा, यात कंपनीला दोष द्यायचं कारण नाही. ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला फोन केला. साहेब त्याची लेन्स सुटी मिळत नाही, अख्खा मेकॅनिझम मागवावा लागेल, अडतीस हजार, अधिक कस्टम, आणि मिळेलच याची गॅरंटी नाही कारण मॉडेल बंद झालं. अहो हे विकताना सांगितलं असतं तर? तेव्हा फक्त तानपुऱ्यावर बोलत होते.

आणि त्याच पावसाळ्यात जुन्या साडेसात हजारवाल्याचीही लेन्स गेली, वय वर्षं सोळा. उघडलं, आत केएसएस-२१३, ही सोनीची लेन्स कितीतरी कंपन्यांनी आपापल्या प्लेअरात वापरली होती. पुण्याला भाचा असतो, तो बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेला, तिसऱ्या दुकानात मिळाली, नऊशे रुपये. आमच्याकडच्या टीव्ही रिपेअरवाल्या पोराने अर्ध्या तासात बसवली. लावली तर परत नो डिस्क, पोराचं तोंड उतरलं. मग माझ्या लक्षात आलं, नव्या लेन्सच्या पट्टीवर सोल्डरचा एक बारीक ठिपका असतो, स्टॅटिकने लेझर जळू नये म्हणून फॅक्टरीतून दोन टोकं जोडून पाठवतात, बसवून झालं की तो ठिपका काढायचा असतो. काढला, आणि डिस्क फिरली. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगितलं, कारण हा ठिपका न काढल्यामुळे चांगल्या लेन्सा “खराब माल” म्हणून परत जातात. ट्रेचा बेल्टपण बदलून घेतला, वीस रुपये. आज २०-२२ वर्षं झाली, रोज सकाळी वाजतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की दुकानात गेलात की बिट आणि चिप आणि ‘साउंडस्टेज’ विचारण्याआधी विचारा, याच्यात लेन्स कोणती, सुटी मिळते का, कुठे मिळते, कोण बसवून देईल. दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला तर निघा. मरांट्झ सीडी६००७, यामाहा सीडी-एस३०३, डेनन डीसीडी-६००एनई, एनएडी सी५३८ असली मॉडेल लाखाच्या आत येतात आणि नुसतं ऐकून कुठलं कुठलं ते ओळखणं मला तरी जमणार नाही, त्यात सर्व्हिस जवळ कुणाची आहे यावर निवडावं. जुना घेत असाल तर मागे डिजिटल आउट आहे का ते बघा, पुढे कधी आतली चिप गेली किंवा नवीन डॅक (आकड्यांचा आवाज करणारं वेगळं खोकं) लावायची हौस आली तर तिथून आकडे काढून घेता येतात, खोकं कामाला राहतं. एसएसीडी, म्हणजे जास्त बारकाव्याने रेकॉर्ड केलेल्या वेगळ्या प्रकारच्या डिस्क, गोळा करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना वेगळं मशीन लागतंच, त्यांनी माझं ऐकू नये.

महागड्यात काहीच नाही असंही नाही हां. त्याचा ट्रे जसा सरकतो, आवाज न करता, तसा माझ्या कुठल्याच कपाटाचा ड्रॉवर सरकत नाही. रिमोट धातूचा. डिस्प्ले चष्म्याशिवाय दिसतो. रात्री शांततेत स्वस्त प्लेअरची डिस्क फिरताना बारीक सुरसुर येते ती याच्यात नाही. या गोष्टींसाठी कुणाला पैसे घालायचे असतील तर खुशाल घालावेत, घड्याळातही आपण वेळेसाठी पैसे देत नाही. फक्त तानपुऱ्याचं नाव घेऊन विकू नका.

आणि तानपुरा खरा कधी खुलला ते सांगतो. चाचा त्या दिवशी उठता उठता म्हणाले, तुमचे हे भोंगे भिंतीत का कोंबलेत? माझे स्पीकर शोकेसच्या कप्प्यात होते, बाजूला काचेचे कप, खाली उघडी स्टाइल फरशी, मागे भिंत. हॉलमध्ये टाळी वाजवली तर परत ऐकू यायची. जावयाने आणि मी स्पीकर बाहेर काढले, स्टुलावर ठेवले, भिंतीपासून दीड फूट पुढे, आणि लग्नकार्यात काढतो तो जमखाना पुढे अंथरला. वरचा पंखा बंद केला, मे महिना होता तरी. खर्च शून्य. जुना प्लेअर लावला. चाचा भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आता जवारी लागली.” आणि नंतर लगेच, “पंखा लावा की, मरतोय मी.”

शोकेस रिकामं झालं म्हणून बायको आठ दिवस बोलत नव्हती, ते वेगळं.

मोठा प्लेअर सध्या खिडकीजवळ आहे, सतरा किलोचा असल्याने हलवायला दोन माणसं लागतात, त्यावर सूनबाईंनी मनी प्लांट ठेवलाय. भंगारात द्यायला मन होत नाही. तुमच्या वाचकांत कुणाकडे तसल्या बंद पडलेल्या परदेशी प्लेअरचा मेकॅनिझम पडून असेल तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता पाकिटावर आहे, मॉडेल नंबर मी तिथून कळवीन. अडतीस हजार मात्र देणार नाही.

आपला,
एक जुना वाचक, मिरज